काचपट्टी वाचणार कोण?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘तुकडा पाठवलाय, रिपोर्ट यायचाय.’ आमच्या पाचोडकडे कुणाच्या घरात हे वाक्य ऐकू आलं, की पुढं कुणी फारसं विचारत नाही. तुकडा म्हणजे बायोप्सी. गालाच्या आत, छातीत किंवा पिशवीच्या तोंडाशी काही संशयास्पद दिसलं, की डॉक्टर तिथला हरभऱ्याएवढा किंवा त्याहूनही लहान तुकडा काढतात, फॉर्मॅलिनच्या डबीत टाकतात आणि पुष्कळदा ती डबी नातेवाइकाच्याच हाती देतात. पाचोडहून जिल्ह्याचं ठिकाण, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद आणि आताचं छत्रपती संभाजीनगर, पन्नासेक किलोमीटर. डबी एसटीनं सकाळी निघाली तर दुपारच्या आत पोचते. उत्तर यायला मात्र आठ दिवस, पंधरा दिवस, कधी त्याहूनही जास्त लागतात.

एवढे दिवस कशाला, असं घरातलं म्हातारं माणूस विचारतंच. तर तो तुकडा आधी मेणात बसवावा लागतो. मग मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काप काचपट्टीवर घेऊन रंगवतात. पेशीचं केंद्रक निळं-जांभळं दिसतं, बाकीचा भाग गुलाबी. हे काम दोन-तीन दिवसांचं. त्यानंतर काचपट्टी थांबते ती वाचणाऱ्या माणसासाठी. तो माणूस म्हणजे पॅथॉलॉजिस्ट. तालुक्याच्या गावी तो क्वचित असतो आणि शहरातल्या मोठ्या रुग्णालयात त्याच्या टेबलावर अशा पट्ट्यांचे ट्रे साचलेले असतात.

अलीकडे बातम्या येतात, की संगणक आता या काचपट्ट्या वाचायला शिकला आहे, काही बाबतींत डॉक्टरांहून चांगल्या वाचतो आहे. या बातम्या खोट्या नाहीत. पण ही कल्पना तितकी नवीही नाही, तिला सत्तर वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासातला आपल्या उपयोगाचा भाग न्यूयॉर्कइतकाच आपल्या मराठवाड्यातही घडलेला आहे.

काचपट्टी वाचण्याच्या विद्येला आपल्याकडे मोठा वारसा आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १८९५ सालचा. १९४१ साली मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. १९४५ मध्ये त्यांनी आणि डॉ. सूर्याबाई यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. माणसांच्या सवयी आणि त्यांना होणारे कर्करोग यांचा संबंध दाखवणारा तो निबंध होता. त्यात धोतराच्या कर्करोगाचं वर्णन आहे. कमरेला वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट आवळलेल्या धोतरामुळं त्या जागच्या कातडीला होणारा कर्करोग. मला हे उदाहरण फार आवडतं. कारण काचपट्टीवर फक्त पेशी दिसतात. धोतराची गाठ कुठं बसते, हे त्या माणसाकडं पाहूनच कळतं.

त्याच सुमारास अमेरिकेत जॉर्ज पापानिकोलाऊ यांची पद्धत मान्यता पावत होती. स्त्रीरोगतज्ज्ञ ट्राउट यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं पुस्तक १९४३ साली आलं. गर्भाशयाच्या तोंडाशी एक लाकडी पट्टी फिरवायची, आलेल्या पेशी काचेवर पसरायच्या, रंगवायच्या आणि पाहायच्या. कर्करोग होण्याच्या कितीतरी वर्षं आधी पेशींचं रूप बदलू लागतं आणि ते असं दिसतं. हीच पॅप तपासणी. जिथं ती नियमित आणि नीट झाली तिथं या रोगानं मरणाऱ्या स्त्रियांची संख्या झपाट्यानं उतरली.

अडचण वाचण्याची. नमुना घ्यायला पाच मिनिटं लागतात, पण एका पट्टीवर लाखभर पेशी असू शकतात आणि त्यांतल्या बिघडलेल्या पेशी बोटांवर मोजण्याइतक्या. दिवसभर निरोगी पेशी पाहून डोळा शिणतो आणि नेमकी ती एक निसटते. तांदूळ निवडणाऱ्या कुणाही बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही. म्हणून १९५०च्या दशकातच अमेरिकेत ‘सायटोअॅनालायझर’ नावाचं यंत्र बनवण्यात आलं. केंद्रक किती मोठं आणि किती गडद, हे मोजून ते संशयित पेशी वेगळ्या काढणार होतं. पण एकावर एक चढलेल्या पेशी, धूळ, रंगाचा ठिपका, सगळ्यांवरच ते ओरडू लागलं. त्याच्या खोट्या हाका तपासण्यातच माणसांचा वेळ जाऊ लागला. अखेर तो नाद सोडून द्यावा लागला.

१९८७ साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या दैनिकानं अमेरिकेतल्या काही प्रयोगशाळांचं पितळ उघडं पाडलं. तिथं काचपट्ट्या घाईघाईनं, ढिगानं वाचल्या जात होत्या. नगावर पैसे, म्हणून जितक्या जास्त पट्ट्या तितकी कमाई. निसटलेल्या पट्ट्यांमागं मेलेल्या बायका होत्या. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि एका तंत्रज्ञानं चोवीस तासांत १०० हून अधिक पट्ट्या पाहू नयेत, अशी मर्यादा आली. मर्यादा आली तशी यंत्राची गरज पुन्हा वाटू लागली. १९९५ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं ‘पॅपनेट’ या यंत्रणेला परवानगी दिली. तिच्यात मेंदूतल्या मज्जापेशींच्या जाळ्यावरून सुचलेली गणिती रचना होती. आज ज्याला मशीन लर्निंग म्हणतात त्याच कुळातली. माणसानं ‘ठीक आहे’ म्हटलेली पट्टी ती पुन्हा चाळायची, सर्वांत संशयास्पद अशा १२८ जागा निवडायची आणि पडद्यावर मांडायची. निकाल माणसानंच द्यायचा. योजना शहाणपणाची होती. पण खर्च वाढत होता, तो भरायला विमा कंपन्या फारशा उत्सुक नव्हत्या आणि १९९९ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. नंतरच्या यंत्रांनी तीच वाट पुढं नेली. २००३ मध्ये परवानगी मिळालेलं एक यंत्र तंत्रज्ञाला पट्टीवरच्या फक्त २२ जागा दाखवतं.

ही सगळी धडपड कुणासाठी होती? जिची पट्टी एकदा वाचून झाली आहे, त्या बाईसाठी. तिची पट्टी दुसऱ्यांदा वाचावी म्हणून. आणि ‘पॅपनेट’ बुडालं त्याच वर्षी, १९९९च्या ऑक्टोबरमध्ये, आपल्याकडे उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, एक काम सुरू झालं. तिथल्या बायकांची पहिली पट्टीसुद्धा कधी कुणी घेतलेली नव्हती.

त्याची पूर्वतयारी बार्शीला झाली होती. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि तिथले डॉ. भगवान नेने यांचं नाव मराठवाड्याच्या सीमेवरच्या गावांना चांगलं माहीत आहे. १९८७ मध्ये डॉ. कस्तुरी जयंत आणि नेने यांच्या गटानं बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या साडेतीनशेच्या आसपास गावांची कर्करोग नोंदवही सुरू केली. ग्रामीण भागातली देशातली ही पहिली. खेड्यातला रोगी आपण होऊन नोंदवहीत येत नाही. म्हणून कार्यकर्ते गावोगाव हिंडायचे, पारावर, बायकांच्या घोळक्यात बसायचे, अंगावरून पांढरं जाणं, पाळी गेल्यावर रक्त दिसणं या लक्षणांबद्दल बोलायचे आणि कुणाला तसं असेल तर दवाखान्यात यायला सांगायचे. काही वर्षांत असं दिसलं, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या मानानं लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या आहेत. नवं यंत्र नव्हतं, नवं औषध नव्हतं, नुसतं बोलणं होतं. कर्करोगाच्या इतिहासात ही गोष्ट ठळक अक्षरांत लिहायला हवी, असं माझं मत आहे.

मग आला तो मोठा अभ्यास. टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिओं इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केलेला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. गावांचे ५२ गट पाडले आणि त्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी चार भागांत विभागणी केली. पहिल्या भागात एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पॅप पद्धतीची काचपट्टी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं आणि चौथ्यात नेहमीची, म्हणजे त्या काळी जवळजवळ नसलेलीच, सोय. तपासणी एकदाच. नंतर आठ वर्षं लक्ष ठेवलं. २००९च्या एप्रिलमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले. विषाणू तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगानं गेल्या, तपासणी नसलेल्या गटात ३१,४८८ पैकी ६४. म्हणजे मृत्यू जवळपास निम्मे. काचपट्टीच्या गटात मात्र मृत्यूंमध्ये ठामपणे सांगता येईल अशी घट दिसली नाही. डोळ्यांनी पाहण्याच्या गटातही नाही.

काचपट्टीचा हा निकाल मला पुन्हा पुन्हा विचार करायला लावतो. इथले तंत्रज्ञ तयार केलेले होते, देखरेख कडक होती, आंतरराष्ट्रीय संस्था पाठीशी होती. तरीसुद्धा एका फेरीत काचपट्टीला जे जमलं नाही, ते विषाणूच्या तपासणीला जमलं. पाश्चात्त्य देशांत ही पद्धत यशस्वी झाली त्यामागं दर तीन-पाच वर्षांनी पुन्हा घेतलेल्या पट्ट्या आहेत. एका वेळी निसटलं तर पुढच्या वेळी सापडतं. आपल्याकडच्या बाईला पुढची वेळ असेलच असं नाही. मुंबईतला निष्कर्ष यालाच दुजोरा देतो. टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटानं मुंबईच्या झोपडपट्ट्यांत जेमतेम दहावी शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना आम्ल लावून पाहायला शिकवलं. दर दोन वर्षांनी चार फेऱ्या केल्या. बारा वर्षांच्या अखेरीस त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. पद्धत तीच. एका फेरीत उस्मानाबादला ती कमी पडली, चार फेऱ्यांत मुंबईत कामाला आली.

या अभ्यासांवर टीकाही झाली आहे, ती टाळून पुढं जाणं बरोबर होणार नाही. अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट एरिक सुबा यांनी विचारलं, की तपासणीनं जीव वाचतात हे जगाला ठाऊक असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना का ठेवलं? संशोधकांचं म्हणणं, की त्या जिल्ह्यात तेव्हा तपासणी नव्हतीच, आम्ही कुणाचं काही काढून घेतलं नाही, उलट त्या बायकांनाही माहिती दिली. दोन्ही बाजू मी वाचल्या आहेत. मला पटते ती टीका. उपलब्ध नसणं हे आपल्या व्यवस्थेचं अपयश होतं, ते अभ्यासाचं गृहीतक व्हायला नको होतं. त्या ६४ जणी आपल्याच भागातल्या, कुणाच्या तरी आया, चुलत्या, सासवा होत्या.

आता आजच्या यंत्राकडं येऊ. रंगवलेली काचपट्टी स्कॅनरमध्ये घातली, की तिचं प्रचंड मोठं छायाचित्र तयार होतं. रुंदीला लाखभर आणि उंचीला लाखभर ठिपके असू शकतात. संगणक त्याच्या लहान लहान चौकटी पाडतो. अशा लाखो चौकटी, ही रोगाची, ही निरोगी, असं सांगून त्याला दाखवल्या जातात. नियम सांगितला जात नाही. चुकला की आतले आकडे थोडे बदलतात आणि पुन्हा दाखवतात. पाचोडच्या मोसंबी बाजारात ढिगाकडं नुसतं पाहून प्रत सांगणारी माणसं आहेत. कसं ओळखलं, विचारा, त्यांना सांगता येत नाही. हजारो ढीग डोळ्यांखालून गेलेले असतात. संगणकाचं शिकणं साधारण असंच आहे. ‘सायटोअॅनालायझर’ आणि यात फरक हाच. त्याला माणसानं नियम लिहून दिला होता, हा उदाहरणांतून स्वतः काढतो.

पण ज्यानं आयुष्यभर एकाच शिवारातली मोसंबी पाहिली, त्याला दुसरीकडच्या ढिगावर उभं केलं तर? काचपट्टीचंही तेच. प्रत्येक प्रयोगशाळेचा रंग वेगळा. कुठं जांभळा गडद, कुठं गुलाबी फिका. एका ठिकाणच्या पट्ट्यांवर शिकलेला संगणक दुसरीकडं गोंधळतो. या अडचणीवर भारतात झालेलं एक काम आज जगभर वापरलं जातं. २०१६ मध्ये अभिषेक वहाडणे, अमित सेठी आणि सहकाऱ्यांनी एका पट्टीचे रंग दुसरीच्या रंगांशी जुळवून घेण्याची रीत मांडली, पेशींच्या रचनेला धक्का न लावता. या क्षेत्रातले परदेशी लोक तिला ‘वहाडणे पद्धत’ म्हणतात. मराठी कानाला आपलं वाटावं असं आडनाव त्यांच्या निबंधांत वाचताना गंमत वाटते. २०१७ मध्ये सेठी यांच्या गटानं ३० चित्रांतल्या २१ हजारांहून जास्त केंद्रकांच्या कडा हातानं रेखून ती सगळ्यांसाठी खुली केली. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी रेघा ओढल्या, पॅथॉलॉजिस्टनं तपासल्या. काम फार कष्टाचं. पण त्यासाठी घेतलेली चित्रं अमेरिकेतल्या संग्रहातली होती. उघडपणे वापरता येईल असा संग्रह तिथं होता म्हणून. आपल्या तंबाखू-मिसरीच्या तोंडाच्या कर्करोगाचं प्रमाण त्यांच्याकडं तेवढं नाही, मग आपल्या गालातला रोग यंत्र कुठून शिकणार? टाटा मेमोरियलनं अलीकडे डोकं-मान आणि फुप्फुस यांच्या कर्करोगांच्या प्रतिमांची पेढी उभारायला घेतली आहे. त्यात मुंबईच्या आयआयटीचाही सहभाग आहे. त्या पेढीचं महत्त्व इथं आहे.

‘यंत्रानं डॉक्टरांना हरवलं’ ही बातमी २०१६ सालच्या एका डच स्पर्धेवरून गाजली. स्तनांच्या कर्करोगाच्या स्त्रियांच्या काखेतल्या गाठींच्या १२९ पट्ट्या होत्या. ११ पॅथॉलॉजिस्टना सुमारे दोन तास दिले आणि सर्वांत चांगली यंत्रं त्यांच्या बरीच पुढं गेली. बातमीत सहसा न येणारा भाग असा, की आणखी एका पॅथॉलॉजिस्टला हवा तेवढा वेळ दिला होता. त्यांनी जवळपास तीस तास घेतले आणि ते यंत्राच्या बरोबरीला राहिले. म्हणजे डॉक्टरांच्या ज्ञानात उणीव नव्हती, त्यांना वेळ नव्हता. यंत्राचा खरा उपयोग मला इथं दिसतो. शंभर पट्ट्यांतल्या कोणत्या वीस आधी पाहायच्या आणि त्या वीसमध्ये कुठं पाहायचं, एवढं त्यानं सांगितलं तरी पुष्कळ.

केनियातल्या एका ग्रामीण रुग्णालयात हे करूनही पाहिलं गेलं. ७४० स्त्रियांच्या काचपट्ट्या तिथल्याच छोट्या स्कॅनरवर घेतल्या, मोबाइलच्या जाळ्यावरून चित्रं पाठवली आणि संगणकानं चाळली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, तज्ज्ञांनी गंभीर ठरवलेली एकही पट्टी यंत्रानं ‘निरोगी’ म्हणून सोडली नव्हती. संख्या लहान आहे, पण परिस्थिती आपल्या ओळखीची आहे.

तरी यंत्र येतं ते पट्टी तयार झाल्यावर. माझ्या चुलतीच्या गालाचा तुकडा एका दवाखान्यातून गेला, त्याचा अहवाल तीन आठवड्यांनी आला, ‘नमुना अपुरा’. पुन्हा तुकडा, पुन्हा डबी, पुन्हा वाट. कर्करोग आहे हे कळेपर्यंत तीन महिने गेले आणि जबड्याचा भाग काढावा लागला. अपुऱ्या तुकड्यातून जगातला कुठलाही संगणक काही वाचू शकला नसता.

म्हणून पाचोडसारख्या गावाचा विचार करताना मी उस्मानाबादचे आकडे पुन्हा समोर घेतो. तिथं विषाणू तपासणीत दर दहा स्त्रियांत साधारण एकीत दोष दिसला होता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ पासून हीच तपासणी आधी करावी असं म्हटलं आहे. तिचा नमुना बाईला स्वतःच घेता येतो, संकोचाचा प्रश्नच बराचसा मिटतो. हजार बायका असतील तर पुढं तपासाव्या लागतील त्या शंभर. तुकडा काढावा लागेल तो त्यांतल्याही काहींचाच. हजार पट्ट्या वाचायला माणूस मिळणार नाही, पण तेवढ्या वाचायला शहरातला पॅथॉलॉजिस्ट आणि त्याच्या शेजारी बसलेलं यंत्र पुरेल.

त्या हजार बायकांपर्यंत जायचं कसं, हे पाचोडला नव्यानं शिकायला नको. डॉ. अशोक दयालचंद यांनी इथं उभ्या केलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटनं गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी आरोग्याचं काम केलं, मुलींचे वर्ग घेतले, त्यांची लग्नं लांबवली. लवकर लग्न आणि लवकर बाळंतपणं यांचा या कर्करोगाशी संबंध आहे, त्यामुळं ते कामही या इतिहासात धरायला हवं. कुणाचा नमुना राहिला, कुणाचा अहवाल आला, कुणाला गाडीत बसवून शहरात न्यायचं, हे आशाताईच्या वहीत असतं. देशात दरवर्षी सव्वा लाखावर स्त्रियांना हा रोग होतो आणि ८० हजारांच्या आसपास मरतात, असा २०२२चा अंदाज आहे. आणि काप काढणारा, रंग घालणारा तंत्रज्ञ? त्याची जागा भरलेली आहे का, हे स्कॅनर मागण्याआधी जिल्ह्याच्या रुग्णालयात एकदा विचारून पाहा.